चुलीजवळचा खोकला

पिंपळझरी, पो. गिरड
१४ डिसेंबर १९९६

सुलोचना,

खुशाली नंतर विचारते. आधी पोटात आहे ते बाहेर काढू दे, नाही तर कालच्यासारखं हेही पत्र फाडून चुलीत जाईल. पोस्टकार्ड आणलं होतं, पण पोस्टमन आधी स्वतः वाचतो आणि मग गावाला वाचून दाखवतो, म्हणून अंतर्देशीय आणवलं.

तू सांगून आणलेली माझी सून, मोहिनी, खोकते. साधं नाही. पहाटे चुलीपुढे बसली की जे सुरू होतं ते भाकरी होईस्तोवर थांबत नाही. पावसाळ्यात लागलं, दिवाळीनंतर तर ऊतच आला. मे महिन्यात लग्न करून आणली तेव्हा कशी गोल चेहऱ्याची होती. आता गालफडं बसली. शेजारची नलू हापशीवर मला विचारते, "काऊन वं कोकिळाबाई, सून बीमार आहे काय?" मी काय सांगू?

आर्वीच्या शाळेत आपण एका बाकावर बसलो. तू म्हणालीस, आमच्या घरामागे बापूराव चपराशी राहतात, तुमच्याच समाजातले, पोरगी बिनआईची आहे पण माझ्या हाताखाली वाढलेली. मी एका शब्दानं जास्त विचारलं नाही. गुणवंत माझा एकुलता एक मुलगा, तरी नाही विचारलं. आता विचारते. तिची आई कशानं गेली?

आमचे हे तर सरळ म्हणाले, "बीमार पोरगी गळ्यात बांधली त्याईनं. बापाले बलाव अन् घेऊन जा म्हणा." मी तिला काही कमी केलं असेल तर देव बघतो आहे. लग्नाआधी स्वयंपाकघराची खिडकी मी माझ्या हातानं विटामातीनं बुजवली. ती बैठकीकडे उघडायची, आणि तिथे दिवसभर बाप्यांचा राबता. माझा जन्म गेला पदर सावरत भाकरी थापण्यात. म्हटलं, सुनेला तरी चुलीपुढे मोकळं बसता यावं. इतकं कोण करतं?

कापूस खरेदी केंद्रावर नंबर लागत नाही म्हणून माजघरात आढ्यापर्यंत कापूस भरला आहे. पाय ठेवायला जागा नाही, त्यात हे. नवं वर्ष लागायच्या आत तिला घेऊन जा. जीव थाऱ्यावर नाही माझा.

कोकिळा


सेलू
२१ डिसेंबर १९९६

कोकिळे,

आईबापांनी नाव कोकिळा ठेवलं आणि तू पत्र कावळ्याच्या चोचीनं लिहिलंस. वाचून दुकानातून उठले ती घरात आले, घरातून परत दुकानात गेले, गिऱ्हाइकाला साखरेऐवजी मीठ दिलं.

मोहिनी इथे कधी खोकली नाही. बारा वर्षं माझ्या परसात ती लहानाची मोठी झाली आहे. पावसात भिजली, चिंचा खाल्ल्या, उन्हाळभर बर्फाचे गोळे खाल्ले, कधी शिंकसुद्धा नाही. तिची आई तापानं गेली. झालं समाधान? बिनआईच्या पोरीवर असा आळ घेताना तुझी जीभ कशी रेटली?

"बीमार पोरगी गळ्यात बांधली" हे रूपरावांना माझ्या तोंडावर म्हणायला सांग. लग्नात माझ्या हातच्या पुरणपोळ्या मोजून सात खाल्ल्या होत्या त्यांनी.

भांडायचं ते नंतर भांडू. शनिवारी माझा भूपेंद्र जीप घेऊन येतो आहे. तिला त्याच्यासोबत धाड. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात मी स्वतः दाखवते. काही निघालं तर मी तुझ्या पाया पडेन. नाही निघालं तर काय करायचं ते तू ठरव.

सुलोचना


पिंपळझरी
६ जानेवारी १९९७

सुलोचना,

पोहोचली असेलच. जाताना मला वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली काय, तर "आत्याबाई, तिळाच्या डब्याले घट्ट झाकण लावजा, मुंग्या लागून राह्यल्या." एवढंच. जीपमध्ये बसली, वळून पाहिलं नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

गुणवंत माझ्याशी बोलत नाही. जेवायला बसतो, अर्धी भाकरी खातो आणि उठतो. मागल्या आठवड्यात म्हणाला कापसाच्या नंबराची चौकशी करायला हिंगणघाटला जातो, तो दुसऱ्या दिवशी आला. हिंगणघाटला एवढं काय असतं?

आता सगळं पुन्हा माझ्यावर. पहाटेपासून चुलीपुढे. जळणाच्या कापसाच्या पऱ्हाट्या यंदा दवानं ओल्या राहिल्या, फुंकणी फुंकून फुंकून डोकं गरगरतं. हे बाहेरून चहा मागतात आणि मला चुलीपुढून उठायला भिंत धरावी लागते. वय झालं, दुसरं काय.

एक सांगायचं राहिलं. नलूनं पुन्हा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की टीबी असेल बाई. निघालं तोंडातून. हापशीवर चारजणी होत्या. त्या दिवसापासून गावात तोच विषय आहे. तपासणीचं काय झालं ते लवकर कळव, मला रात्रंदिवस तेच.

कोकिळा


सेलू
२८ जानेवारी १९९७

कोकिळे,

तीन वेळा थुंकी तपासली. तिन्ही वेळा काही नाही. छातीचा फोटो काढला, काही नाही. आणि इथे आल्यापासून अठराव्या दिवशी खोकला थांबला. औषध म्हणशील तर गरम पाणी आणि माझ्या शिव्या, तुला दिलेल्या, तिला नाही.

आता माझी पाळी. तिची आई तापानं नाही गेली. तिला क्षय होता. मोहिनी तेव्हा सात वर्षांची होती. मी लपवलं. लग्न मोडेल म्हणून लपवलं, आणि तू विचारलंस तेव्हा परत खोटं लिहिलं. दवाखान्यात निकालाची वाट बघत बाकावर बसले होते तेव्हा मनात एकच घोकत होते, की कोकिळा खरी ठरली तर मी तिला तोंड कसं दाखवू. तुला राग येणारच. ये आणि चार लोकांत मला बोल, मी ऐकून घेईन.

पण डॉक्टरीणबाईंनी जे विचारलं ते आता मी तुला विचारते. घरात धूर किती असतो? मोहिनी तर तुमच्याविरुद्ध अक्षर बोलत नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, तिथी सकाळी मले माह्ये हातच दिसत नव्हते." मग मी तुझं डिसेंबरचं पत्र काढलं. खिडकी बुजवली, हे तूच लिहिलंस. उरलं एकच दार, ते माजघरात, आणि माजघरात आढ्यापर्यंत कापूस. मग धूर जाईल कुठून, कोकिळे? पोरीच्या नाकात. वर त्या कापसाच्या बारीक तंतूंचा भुरका. ती बाई म्हणाली, अशा खोलीत स्वयंपाक करणं म्हणजे विड्यांची बंडलं ओढणं.

आजारी पोरगी मी तुला दिली नाही. पोरगी तुझ्या घरात आजारी पडली.

आणि गुणवंत हिंगणघाटला नव्हता. माझ्या ओसरीवर होता. चार केळी घेऊन आला, तिच्यासमोर ठेवली आणि अर्धा तास जमिनीकडे बघत बसला.

सुलोचना


पिंपळझरी
८ फेब्रुवारी १९९७

सुलोचनाबाईंना,

क्षयाची गोष्ट तुम्ही लपवली. मैत्रीण म्हणून माझा केसानं गळा कापला, आणि आता वर माझ्याच घरात खोट काढता? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

या चुलीवर मी अठ्ठावीस वर्षं रांधते. माझ्या सासूनं चाळीस वर्षं रांधलं. मला काय झालं? खोकला कोणाला नसतो? पहाटे उठलं की येतो, पाच-दहा मिनिटं थुंकीतून काळं पडतं, मग छाती मोकळी होते आणि मी कामाला लागते. त्याचा कोणी बाऊ केला नाही, मीही केला नाही. तुमच्या शहरी पोरी मऊ.

धूर नको म्हणे! आमच्या आढ्याला धुरानंच कीड लागत नाही. चुलीवर तुरीच्या आणि ज्वारीच्या बियाण्याच्या जुड्या टांगल्या आहेत, तो धूर त्यांनाही लागतो, म्हणून पेरणीला दाणा न दाणा उगवतो. दुकानात बसून तुम्हाला काय कळणार. आणि खिडकी उघडली तर सून बैठकीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मी तिचं भलं केलं ते पाप झालं.

मला आता पत्र लिहू नका.

कोकिळा रूपराव


सेलू
१५ फेब्रुवारी १९९७

कोकिळे,

लिहू नको म्हणालीस, तरी लिहिते. या वेळी भांडायला नाही.

काळं पडतं, असं तू लिहिलंस. भिंत धरून उठतेस, हे त्याआधी लिहिलंस. तुझीच दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाच, मला काही सांगायची गरज नाही. तुझ्या सासूबाई कशा गेल्या ते आठव. शेवटी शेवटी खाटेवर बसूनच झोपायच्या, आडवं झालं की गुदमरायच्या, तूच मला सांगितलं होतंस. आपण तेव्हा त्याला म्हातारपण म्हटलं.

तुझं पत्र मोहिनीच्या हाती लागलं, मी दिलं नव्हतं. तिनं ते तीनदा वाचलं. "शहरी पोरी मऊ" यावर मला वाटलं रडेल. ती त्यावर नाही रडली. "काळं पडतं" तिथे बोट ठेवलं आणि मला म्हणाली, "मी इतके महिने होतो तिथी, मले काऊन नाई दिसलं?" अंधारात तिला काय दिसणार होतं?

मी लपवलं ती माझी चूक, ती मी जन्मभर वागवीन. पण तू डॉक्टरला दाखव.

सुलोचना


पिंपळझरी
२४ मार्च १९९७

सुलोचना,

महिनाभर मी तुझ्या पत्राला हात लावला नाही. डब्यात टाकून ठेवलं. रोज डबा उघडायचा, साखर काढायची, पत्र बघायचं, डबा लावायचा.

सासूबाई कशा गेल्या, हे तू लिहायला नको होतं. त्या दिवसापासून खोकला आला की मी मोजते. कालवण ढवळताना मोजते, झाडताना मोजते.

कापूस गेल्या महिन्याच्या अखेरीस हिंगणघाटला गेला. माजघर रिकामं झालं तेव्हा मी दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. भिंत कमरेच्या वर पार काळी, चुन्याचा मागमूस नाही. पदरानं पुसली तर पदर काळा. मग ह्यांना म्हटलं, खिडकी फोडून द्या. हे म्हणाले, "काऊन? लोक काय म्हणतीन?" गुणवंतला म्हटलं, तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. मग मीच लोखंडी सब्बल घेतली. विटा माझ्याच हातच्या होत्या, मला माहीत होतं कुठली कच्ची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जी गंमत झाली ती ऐक. मी चूल पेटवली, ओल्या तुराट्या घातल्या, आणि सगळा धूर खिडकीतून थेट बैठकीत. तिथे रोज बैठकीला येणारे भैय्याजी, बाबाराव आणि आमचे हे चहाची वाट बघत बसलेले. एकेक करून खोकायला लागले. भैय्याजींच्या डोळ्यांतून धारा. हे ओरडले, "अवं, हे काय लावलं? डोये जळून राह्यले आमचे!" अठ्ठावीस वर्षांत मी बैठकीकडे तोंड करून बोलले नव्हते. पण निघालं तोंडातून. म्हटलं, "हा काही आजचा नाई. रोज घरातच राह्यत होता. आज बाहीर आला तं तुमाले दिसला." भैय्याजींनी आपला गमछा झटकला आणि तिघं उठून कडुलिंबाखाली गेले. आता बैठक तिकडेच असते. संध्याकाळी गुणवंत न सांगता छपराच्या कवेलूंवर चढला, चार कवेलू काढले आणि धुराडं बसवलं. ह्यांनी शिडी धरली. आढ्याला कीड लागेल म्हणून कुरकुरत होते, पण धरली.

आता मुख्य. मोहिनीला ये म्हणायचं तोंड मला नाही. मी हापशीवर जे बोलले ते गावात फिरतं आहे. तपासणीत काही निघालं नाही, हे मी चौघींना सांगितलं, तर त्या म्हणतात, "सासू झाकते." वाईट शब्द आपोआप पसरतो, चांगला दारोदार नेऊन द्यावा लागतो आणि तरी कोणी घेत नाही. ती आली तर मी हापशीवरच तिच्या हातचं, तिच्या उष्ट्या गडव्यातून पाणी पिईन. मला एवढंच सुचतं. नाही आली तर मी दोष देणार नाही. गुणवंतला तिकडे काही काम मिळत असेल तर तोही येईल, मी अडवणार नाही.

मी डॉक्टरकडे जाणार नाही. माझं आता बरंच आहे.

कोकिळा


सेलू
३ एप्रिल १९९७

कोकिळे,

भैय्याजींच्या डोळ्यांच्या धारा वाचून मी एकटीच हसत सुटले, आणि पुढचं वाचून पत्र परत पहिल्यापासून वाचायला बसले.

इथे चार दिवस नुसती ओढाताण चालली. बापूराव म्हणतात, ज्या गावानं पोरीला टीबीवाली केलं तिथे पाठवत नाही. मीही म्हटलं, पावसाळा जाऊ दे, धुराडं टिकतं का बघू. एक खिडकी फोडली म्हणून घर बदलत नसतं, आणि दिवाळीला कापूस परत माजघरातच येणार आहे, हे मलाही कळतं. काल सगळे बोलून दमलो तेव्हा मोहिनीनं विचारलं, "काकू, आत्याबाईनं दवाखाना केला काय?" मी म्हटलं, नाही म्हणते. ती उठली आणि लुगडी-पातळं घडी करायला बसली.

मी म्हटलं, अगं, तू त्यांच्यासाठी काय म्हणून जीव टाकतेस? तुला घालवून दिलं त्यांनी. तर म्हणाली, "त्या खिडकीच्या विटा त्यायनं माह्यासाठी लावल्या होत्या न."

सोमवारी अकराच्या गाडीनं मोहिनी निघते. गुणवंत वर्ध्याला घ्यायला येऊ दे, आणि तूही सोबत ये. दवाखान्यात आधी तुझा नंबर लावायचा आणि मग गावाला जायचं, असं तिनं ठरवलं आहे. भांडू नको. ती भांडत नाही, पण हलतही नाही, तुला माहीत आहे.

सुलोचना


पिंपळझरी
१२ एप्रिल १९९७

सुले,

गेले होते. आता तुला काय काय सांगू?

गर्दी फार होती, दोन वाजता नंबर लागला. डॉक्टर तरुण मुलगा, गुणवंतच्या वयाचा. पाठीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिला, मग फोटो काढायला धाडलं, मग एका पांढऱ्या नळीत फुंकायला लावलं. चुलीत इतकी वर्षं फुंकलं, पण त्या नळीतला काटा काही वर जाईना. तो म्हणाला, निम्म्याहून जास्त छाती गेली आहे. गेली ती परत येत नाही. आता धुरापाशी बसायचं नाही, राहिली ती सांभाळायची. क्षय नाही.

हे सगळं तो कागदाकडे बघून बोलत होता. मग लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "बाई, विड्या किती ओढता दिवसाला? खरं सांगा." लाज वाटली. खरंच वाटलं, आपण काहीतरी चोरून करत होतो आणि सापडलो.

मोहिनी मागे उभी होती. लग्नाला वर्ष होत आलं, पण परक्या माणसापुढे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. ती पुढे आली आणि म्हणाली, "बिडी नाई ओढत त्या. सैपाक करते."

डॉक्टरचा पेन थांबला. त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि रडले, सुले. छातीसाठी नाही. छातीचं मला आतून कधीचंच माहीत असणार. अठ्ठावीस वर्षं मी हा खोकला माझा म्हणून वागवला, आणि तो माझा नव्हता, हे त्या पोरीनं चार शब्दांत सांगितलं. तिनं मला पाणी आणून दिलं, आधी स्वतः दोन घोट पिऊन. तेच उष्टं पाणी मी प्यायले, हापशीपर्यंत थांबावं लागलं नाही.

या पोरीला मी घालवायला निघाले होते.

तुझी,
कोकिळा